इमिग्रेशनची वकिली म्हणजे व्हिसाचे फॉर्म भरणं नव्हे

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या करिअर पुरवणीत परदेशातल्या वकिलीवर लेख होता, माझी मुलगी लॉच्या चौथ्या वर्षाला आहे म्हणून घरात सगळ्यांनीच वाचला. कॉर्पोरेट, आर्बिट्रेशन, टॅक्स यावर भरभरून लिहिलंय पण इमिग्रेशनच्या वाट्याला अर्धी ओळ, तीही "व्हिसाची कामं करणारे वकील" एवढीच. मला ते फार खटकलं.

इंग्लंडमधे या विषयात काम करणारा बॅरिस्टर, सरकारने एखाद्याला देशाबाहेर काढायचं ठरवलं की त्या माणसाच्या बाजूने ट्रिब्युनलमधे, म्हणजे अशा केसेसच्या न्यायाधिकरणात, उभा राहतो. परत पाठवलं तर याचा छळ होईल का, इथेच वाढलेल्या मुलांपासून बापाला तोडायचं का, असल्या प्रश्नांवर तिथे भांडावं लागतं आणि चुकलं तर समोरच्याचं आयुष्य जातं. 1991 मधे झाईरच्या (आजचं काँगो) एका शिक्षकाची केस कोर्टात चालू असतानाच त्याला विमानात बसवून पाठवलं, वकिलांनी त्याच रात्री जजकडून त्याला परत आणायची ऑर्डर मिळवली तरी गृहमंत्री केनेथ बेकर यांनी आणलं नाही. ते प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत, गेलं आणि 1993 मधे निकाल लागला की गृहमंत्र्यांनी कोर्टाचा अवमान केलाय. एका निर्वासितासाठी वकील एवढं करू शकतात हे आपल्या मुलांना कोणी सांगतच नाही!

इयन मॅक्डोनाल्ड यांचंच घ्या. ग्लासगोचा माणूस, 1963 मधे बॅरिस्टर झाले. 1971 मधे लंडनच्या मँग्रोव्ह रेस्टॉरंटच्या प्रकरणात नऊ काळ्या लोकांवर दंगलीचा खटला चालला, त्यात एका महिलेचे वकील हे होते आणि दंगलीच्या आरोपातून नऊच्या नऊ जण सुटले. पुढे 1983 मधे त्यांनी इमिग्रेशन कायद्यावर जे पुस्तक लिहिलं ते या क्षेत्रातले वकील आणि जज आजही उघडतात, नवनव्या आवृत्त्या निघतात. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते 2004 चं. 2001 च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली परदेशी लोकांना खटला न चालवता बेमुदत डांबून ठेवत होते, आणि त्यांच्यासाठी सरकारनेच नेमलेले खास वकील होते, ज्यांना गुप्त पुरावे बघायला मिळायचे पण बघितल्यावर ज्याच्यासाठी लढायचं त्याच्याशीच बोलायची बंदी. मॅक्डोनाल्ड त्यातले एक होते, आणि सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे किती जण असं पद सोडतील?

आणि आपला याच्याशी काय संबंध असं कोणी म्हणेल तर सांगते. केनियात गुजराती, पंजाबी, गोव्याचे कितीतरी लोक होते, हातात ब्रिटिश पासपोर्ट, तरी 1968 मधे ब्रिटिश संसदेने तीनच दिवसात कायदा करून त्यांना दार बंद केलं. अँथनी लेस्टर या बॅरिस्टरने त्यांची बाजू युरोपच्या मानवी हक्क आयोगापुढे मांडली, आणि 1973 मधे आयोगाने म्हटलं की वंशावरून असा भेदभाव करणं ही माणसाची मानहानी आहे.

पैशाचं मात्र खरं सांगायला हवं. हे बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र, पगार नाही, केसेस सॉलिसिटरकडून, म्हणजे अशिलाचं काम थेट घेणाऱ्या वकिलाकडून, येतात, आणि एप्रिल 2013 पासून आश्रयाच्या केसेस वगळता इमिग्रेशनच्या बहुतेक प्रकरणांना सरकारी लीगल एड, म्हणजे वकिलाच्या फीसाठीची मदतच मिळत नाही, त्यामुळे कॉर्पोरेटवाल्यांसारखी कमाई इथे नाहीच. आधी बारा महिने पुपिलेज म्हणजे सीनियरच्या हाताखाली शिकायचं, ती जागा मिळवायला प्रचंड चुरस असते. पण भारतात वकील झालेल्यांना तिथल्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे (बॅरिस्टरांवर देखरेख ठेवणारी संस्था) अर्ज करून काही टप्प्यांतून सूट मागता येते, आणि लंडनच्या चारही इन्स, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, स्कॉलरशिप देतात. ही माहिती गावाकडच्या लॉ कॉलेजच्या मुलांना कोण देणार?

तर विनंती एवढीच, पुढच्या पुरवणीत या कामावर एक पूर्ण पान द्या, प्रत्यक्ष ट्रिब्युनलमधे उभं राहणाऱ्या एखाद्या बॅरिस्टरशी बोलून, आणि त्यात फी, स्कॉलरशिप, पुपिलेजच्या अर्जाच्या तारखा सगळं असू द्या.

आपली,
एक पालक, डोंबिवली