ब्लॉक नाही म्हणून गॅसच असेल असं नाही

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात हृदयविकारावर काही आलं की ब्लॉकेज, कोलेस्ट्रॉल, स्टेंट एवढंच असतं, हृदयाच्या आतल्या प्रेशरबद्दल कोणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या आईला जिना चढताना छातीत आवळून यायचं. अँजिओग्राफी केली तर नळ्या एकदम साफ, मग सगळे म्हणाले गॅस असेल, मी पण तेच म्हणत राहिले आणि त्यात सात-आठ महिने गेले. शेवटी गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी नीट स्टेथो लावून ऐकलं आणि म्हणाले व्हॉल्व्हचा आवाज येतोय, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. महाधमनीचा, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह आकसलेला निघाला.

तेव्हा कळलं की हृदयाचा डावा कप्पा आवळतो तेव्हा तो स्वतःच्याच नळ्या चिमटतो, त्यामुळे त्याला स्वतःसाठीचं बरंचसं रक्त सैल पडल्यावरच मिळतं. आणि तेही महाधमनीतलं प्रेशर जास्त आणि कप्प्यातलं कमी असेल तरच, टाकी वर असली की नळाला धार येते ना तसंच. म्हणजे खालचं बीपी 80 आणि सैल कप्प्यात 10 असेल तर ढकलायला 70 मिळतात, पण आतलं 30 झालं आणि खालचं बीपी 60 वर आलं तर उरले फक्त 30! सगळ्यात आधी उपाशी राहतो तो भिंतीचा आतला थर. त्यात व्हॉल्व्ह अरुंद असल्याने कप्प्याला जास्त जोर लावावा लागतो, भिंत जाड होते, तिला रक्त जास्त लागतं आणि मिळतं मात्र कमी.

जिन्यावरच का दुखायचं तेही मग समजलं. मिनिटाला 70 ठोके असताना एका ठोक्याला साधारण 0.85 सेकंद मिळतात, 140 झाले की निम्मे, आणि त्यात कात्री लागते ती मुख्यतः सैल पडायच्या वेळेलाच.

अजून एक, छातीत दुखलं की शेजारीपाजारी जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवायला देतात. प्लीज डॉक्टरांना न विचारता देऊ नका, व्हॉल्व्ह खूप अरुंद असेल तर बीपी एकदम पडून हृदयाचं रक्त अजूनच कमी होऊ शकतं.

आईचा व्हॉल्व्ह बदलला, आता ती दोन मजले चढते. संपादक साहेब, एखाद्या हृदयरोगतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लेख लिहून घ्याल का? इकोच्या रिपोर्टमध्ये व्हॉल्व्हबद्दल काय लिहिलेलं असतं आणि ते कसं वाचायचं एवढं जरी आलं तरी चालेल.

आपली एक वाचक,
सातारा