चिकटवलं की मिश्र माध्यम होत नाही

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला मिश्र माध्यमावरचा, म्हणजे एकाहून अधिक प्रकारचं साहित्य वापरून केलेल्या कलेवरचा, लेख वाचला. कॅनव्हासवर चिंध्या, तारा नि वर्तमानपत्राचे कपटे चिकटवले की झालं, असा समज त्यातून होतो. आणि ज्यांच्यापासून सुरुवात करायला हवी होती त्या चित्रकार-शिल्पकार के. जी. सुब्रह्मण्यन यांचं नावच लेखात नाही.

त्यांचा जन्म १९२४ चा, केरळातला. मद्रासला अर्थशास्त्र शिकताना स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेले, सरकारी कॉलेजांची दारं त्यांना बंद झाली आणि १९४४ साली ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात, तिथल्या कलाशाळेत, पोचले. (सरकारचे आभारच मानायला हवेत.) १९५१ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात शिकवायला आले, तेव्हा तिथला चित्रकला विभाग आपले चित्रकार ना. श्री. बेंद्रे बघत होते. मधली दोनेक वर्षं मुंबईत हातमाग मंडळात काढली, ती मला महत्त्वाची वाटतात. विणकराजवळ बसलेल्या माणसाला धागा काय करू देतो आणि काय नाही, हे कळतं.

१९७१ ची, बांगलादेश युद्धाच्या वर्षातली त्यांची मातीची उठावशिल्पं पाहा. पोळीसारखी लाटलेली माती दुमडून, चिमटून, टोचून केलेले सेनापती. पदकंही मातीची, जखमाही मातीच्या. वरून चिकटवलेलं काही नाही. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागच्या बाजूने रंगवायचे तेव्हा क्रमच उलटा: डोळ्यातली बाहुली आधी, चेहरा मग, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. लखनौच्या रवींद्रालय नाट्यगृहाच्या भिंतीवर भलंमोठं भित्तिशिल्प करणारा हा माणूस बडोद्याच्या कलाशाळेतल्या जत्रेसाठी, फाइन आर्ट्स फेअरसाठी, लाकूड, चामडं, मणी घेऊन खेळणीही करत बसायचा.

शिक्षक म्हणून त्यांचं मोठेपण सांगायला शिल्पकार मृणालिनी मुखर्जी पुरेशा आहेत. सुब्रह्मण्यन यांचे शांतिनिकेतनमधले गुरू, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची ही मुलगी बडोद्यात त्यांची विद्यार्थिनी झाली आणि पुढे तिने तागाच्या दोराला गाठी मारमारून माणसाहून उंच शिल्पं केली. सरांच्या कामाची नक्कल त्यात औषधालाही सापडत नाही. पुढे ते शांतिनिकेतनला परतले आणि तिथेही शिकवत राहिले. कलाभवनातल्या इमारतीवरचं काळं-पांढरं भित्तिचित्र २००९ साली त्यांनी नव्याने रंगवलं, वयाच्या पंच्याऐंशीत.

मी एका तालुक्याच्या गावी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. ग्रेड परीक्षा सगळी कागदावर, त्यामुळे शिकवणंही कागदावरच. एकदा कुंभाराकडून पाटीभर माती आणली. एका मुलाने लाटलेल्या मातीच्या निऱ्या घालून आजीचं नऊवारी केलं, काष्ट्यासकट. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा निरोप आला, फरशी खराब होते, हे बंद करा. मी बंद केलं. भांडायला हवं होतं, भांडलो नाही. ते लुगडं वाळून तडकलं, तरी पोराने शेवटच्या परीक्षेपर्यंत दप्तरात ठेवलं होतं.

ग्रेड परीक्षांत निदान एक पेपर मातीचा, दोऱ्याचा नाहीतर लाकडाचा असावा, एवढी मागणी आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत जावी. फरशी पुसायला मी येईन.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली