‘परिच्छेद स्तर’ हा शेरा कशावरून पडला?

ठाणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तिसरीतली लेक घरी गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचते आणि शाळेच्या वाचन चाचणीत मात्र ‘परिच्छेद स्तर’ (म्हणजे छोटा परिच्छेद जमतो, पुढची गोष्ट नाही) असा शेरा पडतो, हे तुला खटकलं ते रास्तच आहे. पण बाईंना भेटण्याआधी तो शेरा कशामुळे पडला ते शोध. वेग, अचूकपणा आणि समज या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्यातली एक जरी कच्ची दिसली तरी स्तर खाली येतो.

घरीच पडताळून बघ. तिने कधीच न पाहिलेला, तिसरीच्या तोडीचा, दीडेकशे शब्दांचा उतारा घे. घरातली पुस्तकं नकोत. ती ऐकून ऐकून निम्मी पाठ झालेली असतात आणि फसगत आपलीच होते. ठाण्याला आलास की मराठी ग्रंथ संग्रहालयातून चार नवी पुस्तकं ने. उताऱ्याची एक प्रत तिला, एक तुला, आणि तिला तो मोठ्याने वाचू दे. घड्याळ तिच्या नजरेआड ठेव, नाहीतर ती नुसती पळत सुटेल. चुकलेल्या आणि गाळलेल्या शब्दांवर खूण कर. अडली तर तीन सेकंद थांबून शब्द सांग आणि तो चूक धर. तिचा तिने सुधारला तर चूक नाही. मिनिटात ५२ शब्द वाचले, ४ चुकले, तर बरोबर ४८ आणि अचूकपणा ९२ टक्के. ९५च्या वर असेल तर उतारा तिला सोपा, ९०च्या खाली असेल तर झेपत नाही.

‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं अपेक्षित आहे. मात्र मराठीत ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, तेव्हा इंग्रजी वाचनाच्या आकड्यांशी तुलना करू नकोस.

मग उतारा पुरा वाचून घे आणि काय झालं, का झालं ते तोंडी विचार. दुसरा उतारा मनात वाचू दे. मनातलं नीट सांगते पण मोठ्याने अडखळते, तर समज पक्की आहे, वेग किंवा भीती आड येते. तोंडी बरोबर आणि लेखी चूक, तर तिचं लिहिणं मागे आहे, वाचणं नव्हे. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं तर तो तुमच्या ऐरोलीच्या गावठाणातल्या बोलीचा उच्चार. तो वाचनातली चूक धरणं मला मुळीच पटत नाही. ‘पाण्यात’चं ‘पानात’ झालं आणि तिला खटकलं नाही, तर मात्र खूण कर.

बाईंकडे खुणा केलेला मूळ कागद माग. उतारा कोणता होता, व्हरांड्यात गोंगाट होता का, पुढची पायरी दिलीच होती का, हे विचार. ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या पाहणीच्या धर्तीवरच्या चाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्या असतात. परिच्छेद पहिलीच्या तोडीचा, गोष्ट दुसरीच्या. परिच्छेदावरच थांबवलं असेल तर गोष्ट वाचता येते की नाही हे तपासलेलंच नाही. गोष्टीपुढचं वाचन तर ही चाचणी मोजतच नाही. बाईंशी वाद घालू नकोस. दुसऱ्या दिवशी, शांत जागी, नव्या उताऱ्यावर पुन्हा घ्या, एवढीच विनंती कर.

घरीही अचूकपणा ९०च्या खालीच राहिला, ओळी सुटल्या, जोडाक्षरं सतत अडली, तर शेरा खरा धर. आधी डोळे आणि कान तपास. तरीही तसंच राहिलं तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन शिकण्यातल्या मूळ अडचणीची) तपासणी होते, तिथे दाखव.

दोन्ही उताऱ्यांचे आकडे कळव. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मित्र