मोरीचा नळ पावसाच्या हिशेबाने घाला

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून हे पत्र लिहीत आहे. रस्ता रुंद झाला की त्याखालून पावसाचं पाणी पलीकडे नेणाऱ्या मोऱ्याही आमच्याकडे नव्या होतात. पण जुन्या मोरीत ६०० मिलिमीटरचा नळ होता म्हणून नव्या मोरीतही तोच बसतो. वरचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, किती बदललाय, हे कुणी चढून बघत नाही. मग पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी रस्त्यावरून उसळून खालच्या आगरांत आणि घरांत शिरतं.

हा हिशेब साधा आहे, साहेब. पाणलोट केवढा, पावसाचा ताशी जोर किती आणि पडलेल्यातलं किती वाहून येतं, एवढंच बघायचं. सहा हेक्टरचा उतार धरा, ताशी ७५ मिलिमीटर पाऊस धरा. झाडी असताना त्यातलं ४० टक्के पाणी वाहून येत असेल, तर मोरीच्या तोंडाशी सेकंदाला ५०० लिटर येतं. जेसीबी फिरला, घरं आणि काँक्रीटचे रस्ते झाले, ८० टक्के वाहू लागलं, की तेच १००० लिटर होतं. दोनशे मीटरला एक मीटर उताराचा ६०० चा काँक्रीट नळ, गाळ नसताना आणि तुडुंब भरून, जेमतेम ४३० लिटर नेतो. म्हणजे तो झाडी होती तेव्हाही कमीच पडत होता!

तक्रार केली की शेजारी तसाच आणखी एक नळ टाकतात. दोन्ही मिळून ८६० लिटर. त्याच उताराचा ९०० चा एकच नळ सुमारे १२८० लिटर नेतो, आणि पावसात वाहून येणाऱ्या फांद्या, झावळ्या मोठ्या तोंडात कमी अडकतात. व्यास दीडपट केला की वहनक्षमता जवळजवळ तिप्पट होते, हे आपल्या प्रत्येक अभियंत्याला पाठ आहे. मग अंदाजपत्रकात ते का उतरत नाही?

जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आला तो वाशिष्ठीचा पूर होता. तो कुठल्याही मोरीने थोपवला नसता, हे मला कळतं. माझं म्हणणं दरवर्षी, एखाद्या जोरदार सरीतही बुडणाऱ्या वाड्यांबद्दल आहे. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर कोसळला, त्यानंतर ताशी ५० धरून काम करायचं ठरलं. कोकणात तेवढी किंमत मोजण्याची वाट पाहू नका.

खाडीकाठी आणखी एक अडचण आहे. उधाणाच्या भरतीला नळाचं तोंड पाण्याखाली जातं आणि उलट खाडीच आत येते. नळ कितीही मोठा घातला तरी त्या वेळी उपयोग नाही. खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधांना, म्हणजे खारबंदिस्तीला, आमच्या पूर्वजांनी उघाड्या बसवल्या. ओहोटीला उघडणारं, भरतीला मिटणारं ते दार या नळांनाही हवं. दार मिटलेलं असताना येणारं पाणी साठायला जागाही हवी. म्हणून मोरीलगतच्या सखल जमिनी भरावाने बुजवू देऊ नका.

माझी मागणी एकच आहे. निविदा निघण्यापूर्वी प्रत्येक मोरीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. त्यात पाणलोटाचा नकाशा, धरलेला ताशी पाऊस, तो कुठल्या पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून घेतला, भरतीची पातळी आणि नळाचा व्यास असावा. सड्यावर बिनशेती झालेल्या जमिनी उद्या बांधल्या जाणार, हे धरूनच तो मांडावा. फलक लागल्यावर गावाला हरकत घ्यायला पंधरा दिवस द्या. कुठला पऱ्या पावसात कुठून फुटतो, हे गावातली माणसं आपल्या अभियंत्यांना जागेवर नेऊन दाखवतील.

आपला,
खाडीकाठचा एक रहिवासी