सहा वर्षांची दाढ : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात माझा दातांचा दवाखाना आहे. टेबलाच्या खणात प्लास्टरचं एक मॉडेल ठेवलंय. तेरा वर्षांच्या मुलाचा खालचा जबडा. डाव्या बाजूला मोठी दाढ पुढे कलून आलीय आणि छोट्या दाढेला जवळजवळ टेकलीय. त्या दोघींच्या मध्ये आणखी एक छोटी दाढ असायला हवी होती. तिचं फक्त टोक दिसतं, तेही रांग सोडून जिभेच्या अंगाला. ती दाढ तिथे अडकली, त्यात माझा हात आहे. म्हणून हे पत्र.

बीडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीची, चार वर्षं संपवून मी इंटर्न होतो. आमच्या कॉलेजची बस धडगावच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिबिराला गेली. बॅनर, नारळ, पाहुण्यांचं भाषण आणि मग बाकावर बसवून टॉर्चच्या उजेडात तपासणी. सात वर्षांचा एक पोरगा गाल धरून आला. खालची दुसरी दुधाची दाढ किडून नुसतं टरफल उरलं होतं, हिरडीवर गळू. भूल दिली, दाढ काढली, कापूस चावायला दिला आणि रजिस्टरमध्ये खूण केली. ठरवून दिलेल्या केसेसच्या माझ्या कोट्यात एक केस वाढली. दाढ काढली ती चूक नव्हती, ती वाचणारी नव्हतीच. त्यानंतर मी काहीच केलं नाही, चूक ती.

दुधाच्या दाढेचं काम चावण्यापुरतं नसतं. खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा ती धरून ठेवते. ही दुसरी दाढ साधारण दहा-बाराव्या वर्षी पडते. ती सातव्या वर्षीच गेली तर जागा चार-पाच वर्षं मोकळी राहते आणि मागची दाढ हळूहळू पुढे सरकते. पहिल्या सहा महिन्यांत ती सर्वांत जास्त सरकते. उपाय अवघड नाही. मागच्या दाढेवर स्टीलचा पट्टा बसवायचा, त्याला तारेचा एक फास झाळून पुढच्या दाढेला टेकवायचा आणि सिमेंटने चिकटवायचा. याला बँड अँड लूप म्हणतात. परीक्षेत मी त्याची आकृती काढून मार्क मिळवले होते. त्या पोराच्या तोंडात तो बसवायला मात्र कोणी सांगितलं नाही आणि मलाही सुचलं नाही. बस पाचला निघणार होती.

तोच मुलगा तेराव्या वर्षी बापासोबत दवाखान्यात आला. मी ओळखलं नाही. बाप म्हणाला, "साहेब, तठे शाळामा तुम्हीच दात काढेल व्हता."

आता यावर इलाज आहे. ब्रेसेस लावायच्या, कललेली दाढ मागे ढकलायची, जागा करायची, अडकलेली दाढ रांगेत आणायची. दीड-दोन वर्षांचं काम, आणि दर महिन्याला तार बदलायला यायचं. मी हे सगळं नीट समजावलं. बापाने ऐकून घेतलं आणि विचारलं, दिवाळीनंतर आम्ही गुजरातला ऊसतोडीला जातो, ते थेट होळीला परत येतो, तेव्हा तार कोण आवळणार? खर्चाचा विषय त्याने काढलाच नाही. तिथपर्यंत बोलणं पोचलंच नाही.

महोदय, तुमच्यापुढे ठेवायची गोष्ट एवढीच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पोराला ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात रांगेत आणायचे उपचार, मिळायचं असेल तर ते सहाव्या ते नवव्या वर्षीच मिळेल. दुधाचे आणि कायमचे दात तोंडात एकत्र असतात तेव्हा थोडक्या कामात पुढचं बरंच काही टळतं. तेराव्या वर्षाची ब्रेसेस महिन्याच्या महिन्याला येऊ शकणाऱ्या घरांसाठी आहे. सगळेच वाकडे दात लहानपणी रोखता येतात असं मी म्हणत नाही. जबड्याची ठेवण आई-बापांकडून येते, तिथे मोठे उपचार लागतातच. पण किडीमुळे गेलेली जागा टिकवणं आपल्या हातात आहे.

याच वयात दुसरा घोळ होतो तो सहाव्या वर्षी येणाऱ्या कायमच्या दाढेचा. ती दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कुणालाच कळत नाही. आमच्याकडे दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकतात, सगळ्या घराला माहीत होतं. ही मात्र गुपचूप येते. वर खोल खाचा असतात, त्यात पाच रुपयांच्या पुड्यातलं काहीबाही बसतं आणि दोन वर्षांत ती पोखरते. आई म्हणते, "दूधना दात शे, पडी जाई. कसाले पैसा टाकाना?" तो दुधाचा नसतो. पडल्यावर परत येणार नसतो. शिकलेल्या शिक्षकांनाही मी हे सांगतो तेव्हा ते आधी स्वतःच्या तोंडात बोट घालून बघतात. एका शाळेत नऊ वर्षांची मुलगी कळण्याची भाकरी चहात भिजवून गिळत होती. दोन्ही बाजूंच्या या दाढा मुळापर्यंत गेलेल्या. घरी ठणकलं की आजी मिसरी दाबायची. दाढ राहिली बाजूला, मिसरीची सवय तेवढी लागली.

आता तुमच्या खात्याकडे येतो. खानदेशात धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सरकारी दंत महाविद्यालय म्हटलं की मुलं अजून मुंबई, नागपूर नाहीतर छत्रपती संभाजीनगरचं नाव घेतात. पण नव्या इमारतीची मागणी करायला मी हे लिहीत नाही. आहेत त्या विद्यार्थ्यांना आपण काय करायला लावतो, ते बघा.

ऑर्थोच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थी तार वाकवतो. ०.७ मिलिमीटरची स्टीलची तार, तिचा ॲडम्स क्लॅस्प, म्हणजे दाढेला धरून ठेवणारा आकडा. पक्कड घसरते, बोटाला टोचतं, सर क्लॅस्प हातात घेऊन न बोलता टेबलावर ठेवतात आणि आपण पुन्हा नव्याने सुरू करतो. मला हे आवडायचं, आजही आवडतं. मग मॉडेलवर मोजमाप. खालच्या चार पुढच्या दातांची रुंदी घेऊन, मागून येणाऱ्या दातांना जागा पुरेल का याचा अंदाज बांधायचा. आम्ही ज्या मॉडेलवर हे शिकलो ते बॅचेसच्या हातून फिरून गुळगुळीत झालं होतं. त्याची उत्तरं सीनियरच्या वहीत होती. ज्या वयाच्या मुलांसाठी हे मोजमाप आहे, त्या वयाचं मूल आमच्या खुर्चीत क्वचितच बसायचं.

आणि कोटा. दंत महाविद्यालयात शिकलेल्या कुणालाही हा शब्द विचारून बघा. इतके दात काढले, इतके भरले, इतक्या कवळ्या केल्या की सही. पेशंट मिळाला नाही तर विद्यार्थी शोधून आणतो, रिक्षाचं भाडं देतो, उपचाराचे पैसेही कधी स्वतःच भरतो. वॉचमनच्या मुलाचे दात आमच्या अख्ख्या बॅचने तपासले होते. तिकडे आश्रमशाळेत शेकडो मुलं एका छपराखाली, ठरल्या वयाची, वर्षातले बरेच महिने मुक्कामाला. पेशंट शोधत रिक्षाने फिरणारा विद्यार्थी आणि डॉक्टर न मिळणारं मूल, या दोघांची गाठ घालायला पैसा फार लागणार नाही. एक आदेश लागेल.

इंटर्नशिपच्या १२ महिन्यांतले ३ महिने सामुदायिक दंतशास्त्राला दिलेले आहेत. ते आज शिबिरांत जातात. एक दिवस एक शाळा, परत तिथे कोणी जात नाही. त्याऐवजी प्रत्येक कॉलेजला ठरावीक आश्रमशाळा नेमून द्या. इंटर्न बदलतील, शाळा बदलणार नाही. वर्षातून दोनदा जायचं. एकदा जूनमध्ये शाळा भरताना, दुसऱ्यांदा होळीच्या आधी-नंतर. त्या दिवसांत ऊसतोडीवाले घरी असतात, म्हणजे शाळा सोडून आई-बापांबरोबर गेलेली पोरंही सापडतात. काठी गावच्या होळीला सातपुडा कसा भरतो ते तुम्हाला माहीत असेलच. कोट्यातही फरक करा. काढलेल्या दाताइतकंच मोल वाचवलेल्या दाताला द्या. सहा वर्षांच्या दाढेच्या खाचा बुजवल्या, ती एक केस. बँड अँड लूप बसवला, ती एक केस. सहा महिन्यांनी जाऊन तो जागेवर आहे का, मोकळा तर झाला नाही ना हे पाहिलं, तीसुद्धा केस. हा शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. बसवून विसरलेला लूप हिरडीत रुततो आणि खालचा दात येऊ लागल्यावर तो काढावाच लागतो. सध्या पुन्हा जाऊन पाहण्याला मार्क नाहीत, म्हणून कोणी जात नाही.

वीज नसते, हे कारण मला सांगू नका. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयनोमर हे दातांचं सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात याच अडचणीतून निघाली. ड्रिल नको, सक्शन नको. खाचा बुजवायलाही तेच चालतं, कारण सात वर्षांच्या पोराची थुंकी कुणाला आवरत नाही. एक घडीची खुर्ची, डोक्याला लावायचा दिवा, निर्जंतुक करायला प्रेशर कुकरसारखा ऑटोक्लेव्ह. हे सगळं एका जीपमध्ये मावतं.

यात एक पेच आहे, तो तुम्हीच सोडवू शकता. कॉलेज तुमच्याकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. पथक २०१३ पासून वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत जातं. त्यात आयुषचे दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि एएनएम, म्हणजे परिचारिका, असतात. बिचारे प्रामाणिकपणे 'दंतविकार' असं लिहून संदर्भचिठ्ठी देतात. चिठ्ठी पोराच्या दप्तरात राहते. कार्डावर एकच रकाना वाढवा : सहा वर्षांची दाढ आली का, किडली का. ती ओळखायला त्या डॉक्टरांना अर्धा दिवस पुरेल आणि तो अर्धा दिवस आमचे इंटर्न शिकवतील. शिकवताना त्यांचंही पक्कं होईल.

१९४८ च्या जुन्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. दिल्लीत अभ्यासक्रमावर चर्चा होईल तेव्हा महाराष्ट्राने हे मांडावं. तोवर थांबायची मात्र गरज नाही. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आणि तुमचं खातं मिळून एका जिल्ह्यात एक वर्ष करून बघता येईल. तो जिल्हा नंदुरबार असावा, असं मी म्हणणार, उघडच आहे.

एक शाळा मी सुचवतो. शहाद्यापासून जीपने सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं. मुख्याध्यापक तयार आहेत, एक वर्ग रिकामा करून देतो म्हणाले. खुर्ची आणि दिवा माझा. येत्या जूनसाठी चार इंटर्न, एक बालदंतरोगाचे शिक्षक आणि त्यांच्या कामाची कोट्यात नोंद होईल असं एक पत्र, इतकं तुमच्याकडून हवं.

आपला नम्र,
शहाद्याचा एक दातांचा डॉक्टर