‘लाइन गेली होती’ हे उत्तर पुरेसे नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यात पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट जाणे नवे नाही. परंतु आमच्या सोसायटीत जूनअखेरचे व्याज काही खात्यांवर दोनदा जमा झाले आणि विचारणा करताच ‘लाइन गेली होती’ एवढेच सांगण्यात आले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आईच्या पासबुकात एकाच तारखेच्या, एकाच रकमेच्या दोन ओळी एकीखाली एक छापलेल्या आहेत. जादा रक्कम पुढे वळती करून घेतली, ते योग्यच झाले.

मी बेळगावात हिशेबाच्या संगणकप्रणालींचेच काम करतो. व्यवहार चालू असताना इंटरनेटची लाइन तुटली तर डेटाबेस (खात्यांच्या नोंदी सांभाळणारी प्रणाली) अर्धवट नोंदी रद्द करतो, ही सोय जुनी आणि भरवशाची आहे. घोटाळा होतो तो अगदी शेवटी: ‘कमिट’चा, म्हणजे नोंदी कायम करण्याचा आदेश सर्व्हरवर (डेटाबेस चालतो त्या मुख्य संगणकावर) पोहोचतो, रकमा जमा होतात, पण ‘झाले’ हा निरोप शाखेत येण्याआधीच लाइन जाते. पडद्यावर चूक दाखवली जाते आणि कारकून बिचारा पुन्हा बटण दाबतो. खाते क्रमांक आणि सहामाही यांची जोडी एकदाच नोंदली जाईल, असे बंधन डेटाबेसमध्येच घातले असते, तर दुसरी नोंद सर्व्हरनेच नाकारली असती.

शाखेतला संगणक वीज जाऊन एकाएकी बंद पडला, तर सर्व्हरला ते कळतही नाही. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर कीपअलाइव्ह (समोरचा संगणक जोडलेला आहे का, याची चौकशी करण्याची सोय) चालू असले तरी मूळ आकड्यांनुसार ७२०० सेकंदांच्या शांततेनंतर पहिली चौकशी होते आणि ७५ सेकंदांच्या अंतराने अशा ९ चौकशा निष्फळ ठरल्यावर जोडणी मेली असे धरले जाते. म्हणजे सुमारे दोन तास अकरा मिनिटे अर्धवट राहिलेल्या व्यवहारातल्या खात्यांवरची कुलपे (व्यवहार संपेपर्यंत इतरांना बदल करू न देणारी) तशीच राहतात आणि काउंटरवर ‘सर्व्हर हँग आहे’ हे ऐकत माणसे ताटकळतात. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीमध्ये अशा रिकाम्या अडून बसलेल्या व्यवहाराला मुदत घालण्याची सोय २०१६ सालच्या ९.६ आवृत्तीपासून आहे. मात्र ती आपोआप लागू नसते, आकडा भरावा लागतो.

मुळात हजारो खात्यांची आकारणी शाखेतून एकाच व्यवहारात का चालवावी? ती सर्व्हरवरच, थोड्या थोड्या खात्यांच्या गटांत आणि वरचे बंधन घालून करता येते. संचालक मंडळाने प्रणाली पुरवणाऱ्याकडून याचे लेखी उत्तर घेऊन ते वार्षिक सभेत सभासदांपुढे ठेवावे, ही विनंती.

आपला,
एक सभासद, खानापूर (जि. बेळगाव)