पाहुण्यांना एसटीनं फिरवा, पण वेळा तरी लावा

महोदय,

गेल्या आठवड्यात नागपूरची मावशी आणि मावसबहीण आल्या होत्या. अंबाबाईचं दर्शन झालं, आता पन्हाळा दाखव म्हणाल्या. एका गाडीवाल्यानं अर्ध्या दिवसाचा आकडा सांगितला, तो ऐकून मावशीच म्हणाली, "एवढ्यात मी नागपूरला परत जाईन!" मग सरळ मध्यवर्ती बसस्थानक गाठलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या मावशीचं तिकीट शून्य, आम्हा दोघींचं निम्मं. वीसेक किलोमीटरचा रस्ता, खिडकीची जागा, बाहेर ऊस. गडावर तीन दरवाजा, अंबरखाना पायीच पाहिला. अंधारबावीच्या पायऱ्या मावशीनं वरूनच पाहिल्या, "तुम्ही जाऊन या" म्हणत.

दुसऱ्या दिवशी टाऊन हॉल संग्रहालय. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी धातूची मूर्ती तिथं आहे. (खरं सांगते, इतकी वर्षं कोल्हापुरात राहून मीही ती पहिल्यांदाच पाहिली.)

अडलं ते एवढंच, की पन्हाळ्याहून परतीची बस किती वाजता, हे तिघांना विचारूनही कळेना. शेवटी कणीसवालीनं सांगितलं. रंकाळ्याला कुठली बस, जोतिबाला कुठून, शेवटची गाडी कधी, एवढं लिहिलेला एक मोठा मराठी फलक भवानी मंडपात आणि गडावरच्या थांब्यावर लावायला काय हरकत आहे? आणि वेळ बदलली की त्याच दिवशी फलकावरही बदलावी. जुन्या वेळेचा फलक नसलेला बरा.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर